पहिला वडीलधारा : मालवण किनाऱ्यावरील तरुणांची मनोव्यथा आणि प्रौढांचे प्रशिक्षण

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यापूर्वीच्या कागदपत्रांत मालवण, देवगड व वेंगुर्ले हा मुलूख रत्नागिरी जिल्ह्याच्या नावाखाली सापडतो. कुडाळ व सावंतवाडीकडील मुलूख १९४८ पर्यंत सावंतवाडी संस्थानात मोडत असे. या किनाऱ्यावरील मनोरुग्णांच्या उपचारांचा इतिहास लिहावयाचा झाल्यास तो साहजिकच रत्नागिरीच्या रुग्णालयाचा आणि वेळोवेळी झालेल्या कायद्यांचा इतिहास होतो. परंतु इमारती आणि कायदे यांच्या इतिहासातून एका साध्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी जेवेनाशी होते, रात्र रात्र जागते, शाळेत जाणे टाकते, कोणाशी बोलत नाही. अशा वेळी हे प्रथम कोणाच्या ध्यानात येते, आणि ज्याच्या ध्यानात येते त्याला पुढे काय करावे हे कोणी शिकविलेले असते काय? प्रस्तुत निबंधात या पहिल्या वडीलधाऱ्या माणसाचा मागोवा घेण्याचा हेतू आहे.

हा प्रश्न गौण नव्हे. अमेरिकेतील एका विस्तृत पाहणीचे जे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले, त्यांनुसार आयुष्यात केव्हाही उद्भवणाऱ्या मनोविकारांपैकी निम्म्यांचा आरंभ चौदा वर्षे वयापर्यंत, तर तीन-चतुर्थांश विकारांचा चोविसाव्या वर्षापर्यंत झालेला असतो. भारतात २०१५-१६ साली बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत १३ ते १७ वयाच्या मुलामुलींपैकी ७.३ टक्क्यांना कोणता ना कोणता मनोविकार असल्याचे आढळले. आणि सर्व वयांचा एकत्र विचार करता, बहुतेक विकारांच्या बाबतीत दहांपैकी सात ते नऊ रुग्णांना उपचार मिळत नव्हते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशातील १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद असून त्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा, १,७६४ इतका आहे. उपचारांची गरज कोवळ्या वयात उत्पन्न होते आणि तज्ज्ञ मात्र दूर असतो, ही वस्तुस्थिती या आकड्यांवरून स्पष्ट होते. मधले अंतर ज्याने भरून काढावयाचे, तो शेजारचा प्रौढ मनुष्य होय.

गाऱ्हाणे आणि कौल

मालवणी मुलखात गावऱ्हाटी या नावाने ओळखली जाणारी जी ग्रामव्यवस्था होती, आणि जिचे बरेच अवशेष आजही टिकून आहेत, तीत संकटात सापडलेल्या माणसाने ग्रामदेवतेपुढे जाण्याची रीत ठरून गेलेली असे. संकटग्रस्ताने स्वतः बोलावयाचे नसे. गावचा मानकरी, गुरव किंवा घाडी त्याच्या वतीने देवाला गाऱ्हाणे घाली. जमलेली मंडळी त्याच्या प्रत्येक मागण्यास ‘होय महाराजा’ असा होकार देत. आणि पुढे देवाचा कौल घेऊन निर्णय होई. घरातील तरुण मुलगा एकाएकी गप्प झाला अथवा सुनेच्या अंगात येऊ लागले, तर कुटुंबाचे पाऊल प्रथम देवळाकडे किंवा भगताकडे वळे.

या रीतीकडे केवळ अज्ञानाचा प्रकार म्हणून पाहणे इतिहासदृष्ट्या योग्य होणार नाही. जो स्वतः बोलू शकत नाही त्याच्या वतीने एका वडीलधाऱ्या माणसाने शब्द उच्चारावेत, आणि गावाने ते ऐकून घेऊन त्याला दुजोरा द्यावा, यात मोठा आधार होता. व्यथा लपविण्याची गोष्ट राहत नसे. तथापि या व्यवस्थेचे दोन दोष तितकेच ठळक होते. पहिला असा की, कौलातून जे कारण निघे ते सामान्यतः माणसाच्या बाहेरचे असे : राहून गेलेला नवस, बाधा, कोणीतरी केलेली करणी. करणीचा संशय शेजाऱ्यावर आला म्हणजे एका घराच्या दुःखातून दोन घरांचे वैर जन्मास येई. दुसरा दोष अधिक घातक होता. कौल प्रतिकूल आला अथवा उतारा लागू पडला नाही, तर पुढे कोठे जावयाचे याची वाट त्या व्यवस्थेत नव्हती. एका भगताकडून दुसऱ्याकडे एवढाच प्रवास शक्य होता, आणि त्यात महिने-वर्षे निघून जात.

महाराष्ट्रात २०१३ साली जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याने भूत उतरविण्याच्या मिषाने मारहाण वा अघोरी छळ करणे हा गुन्हा ठरविला. प्रार्थना करण्यास अथवा देवापुढे गाऱ्हाणे घालण्यास त्याने मनाई केलेली नाही. परंतु भगताच्या दारातून परत आणलेल्या मुलाला नेमके कोणाकडे न्यावयाचे, हे कोणताही दंडविधान सांगू शकत नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने आपल्या काही कार्यकर्त्यांना ‘मानसमित्र’ म्हणून शिकवून तयार करण्याचा उपक्रम हाती घेतला, तो ही उणीव ओळखूनच.

रत्नागिरीचे रुग्णालय

इंग्रजी अमलात मनोरुग्णांसंबंधी पहिला व्यापक कायदा १८५८ साली झाला. रस्त्यावर मोकाट फिरणाऱ्या आणि धोकादायक वाटणाऱ्या वेड्यास पकडून मॅजिस्ट्रेटपुढे उभे करण्याचा अधिकार त्याने पोलिसास दिला. नातेवाईक ज्याची हेळसांड वा छळ करीत आहेत अशा रुग्णाची वर्दी देणे हेही पोलिसाचे काम ठरविले. याचा अर्थ असा की, सरकारने नेमून दिलेला पहिला वडीलधारा म्हणजे पोलीस शिपाई होय. त्याला या कामाचे कोणतेही शिक्षण नव्हते. १९१२ च्या कायद्यानेही ही चौकट मूलतः बदलली नाही.

रत्नागिरी येथील मनोरुग्णालयाची स्थापना १८८६ सालची. त्याच वर्षी ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा यासही सरकारने रत्नागिरीस आणून ठेवले. हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे. ज्यांना जगाच्या वर्दळीपासून दूर ठेवावयाचे त्यांच्यासाठी हे बंदर सरकारला सोयीचे वाटत होते, असे अनुमान काढण्यास हरकत नसावी. मालवणहून रत्नागिरी सडकेने सुमारे दीडशे किलोमीटर पडते. आगबोटीच्या काळात, आणि पावसाळ्यात बंदरे बंद असताना, हे अंतर गरीब कुटुंबाला किती मोठे वाटत असेल याची कल्पना करता येते. परिणामी रुग्णालयात पोहोचे तो बहुधा दीर्घकाळ आजारी असलेला, घराला अनावर झालेला मनुष्य. ज्या मुलाची व्यथा अद्याप शब्दांतही उतरलेली नाही, त्याच्यासाठी या दरवाजाचा उपयोग नव्हता. देवळात ऐकून घेणारा होता पण पुढची वाट नव्हती. रुग्णालयात पुढची वाट होती पण तेथपर्यंत ऐकून घेणारा कोणी नव्हता.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीने देशाच्या आरोग्याचा जो अहवाल सादर केला, त्यात साऱ्या हिंदुस्थानात मनोरुग्णांसाठी सुमारे दहा हजारच खाटा असल्याचे दाखवून दिले आणि तज्ज्ञांच्या शिक्षणासाठी संस्था काढण्याची शिफारस केली. तीनुसार १९५४ साली बंगळूरला अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था सुरू झाली. १९७४ साली तिचेच रूपांतर निम्हान्समध्ये झाले. मात्र अशा शिक्षणाचा विचार त्या काळी डॉक्टर व परिचारिका यांच्यापुरताच मर्यादित होता.

शाळामास्तर आणि मार्गदर्शन

मुलांच्या मनाचा शास्त्रीय दृष्टीने स्वतंत्र विचार प्रथम मुंबईत झाला. १९३६ साली स्थापन झालेल्या सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने १९३७ साली बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. मालवण, देवगड, वेंगुर्ले येथील असंख्य कर्ते पुरुष त्या वेळी मुंबईच्या गिरण्यांत व गोदीत राबत होते. त्यांची मुले मात्र गावी होती. केंद्र बापाच्या शहरात आणि मूल आईच्या गावात, अशी ही विभागणी होती.

शाळेतील शिक्षक हाच मुलाचा स्वाभाविक आधार, ही कल्पना कोकणास नवीन नव्हती. पालगडचे साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक व छात्रालयाचे चालक असताना मुलांशी ज्या मायेने वागले, त्याच्या आठवणी मराठी वाचकाला परिचित आहेत. परंतु असा जिव्हाळा व्यक्तीच्या स्वभावातून येतो. तो परिपत्रकाने उत्पन्न करता येत नाही, आणि केवळ जिव्हाळ्यावर एखाद्या जिल्ह्याची व्यवस्था उभी राहू शकत नाही.

व्यवस्थेचा विचार पुढील दोन आयोगांनी केला. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांतून मार्गदर्शन अधिकारी व व्यवसाय-शिक्षक असावेत, आणि त्यांना त्या कामाचे शिक्षण मिळावे, असे सुचविले. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने अधिक व्यवहारी भूमिका घेतली. प्रत्येक शाळेला समुपदेशक देणे देशाला परवडणार नाही हे जाणून, दहा शाळांच्या गटासाठी एक फिरता समुपदेशक असावा आणि मार्गदर्शनाचे साधे काम प्रत्येक शाळेतील शिक्षकांनी त्याच्या साहाय्याने करावे, अशी योजना त्याने मांडली. प्रत्यक्षात मार्गदर्शन म्हणजे कलचाचणी व अभ्यासक्रमाची निवड, असा संकुचित अर्थ रूढ झाला. आणि फिरता समुपदेशक बहुतांशी कागदावरच राहिला. या विस्मृत शिफारशीकडे निबंधाच्या अखेरीस पुन्हा वळावे लागेल.

सामान्य माणसाचे शिक्षण

तज्ज्ञांची संख्या वाढेपर्यंत वाट पाहत बसणे शक्य नाही, हे १९७५ नंतर उघड झाले. चंदिगढजवळील रायपूर राणी आणि बंगळूरजवळील साकलवारा येथे प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टर व आरोग्यसेवक यांना मनोविकार ओळखण्याचे शिक्षण देण्यात आले. त्या अनुभवावर १९८२ चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आधारलेला आहे. कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यातील प्रयोगानंतर १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला.

याच वर्षी सिंधुदुर्गाच्या सीमेपलीकडे, गोव्यात, ‘संगत’ ही संस्था स्थापन झाली. सावंतवाडी, वेंगुर्ले, दोडामार्गच्या रुग्णांना बांबोळीचे रुग्णालय रत्नागिरीपेक्षा जवळचे. त्यामुळे गोव्यातील प्रयोगांचे महत्त्व या जिल्ह्याला विशेष आहे. वैद्यकीय पदवी नसलेल्या, स्थानिक भाषा बोलणाऱ्या सामान्य स्त्रीपुरुषांना काही आठवड्यांचे शिक्षण देऊन, त्यांच्यावर तज्ज्ञाची नियमित देखरेख ठेवल्यास ते खिन्नता व चिंता यांनी ग्रस्त माणसास उपयोगी पडतात काय, हा तेथील संशोधनाचा विषय होता. ‘मानस’ या प्रयोगाचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत ज्या प्रौढ रुग्णांना अशा समुपदेशकांची मदत मिळाली त्यांच्यापैकी सुमारे ६६ टक्के सहा महिन्यांत बरे झाले. जेथे ती मिळाली नाही तेथे हे प्रमाण ४२.५ टक्के होते. तरुणांसाठी ‘युवा मित्र’ हा प्रयोग झाला. त्यात समवयस्क मार्गदर्शक व शिक्षक या दोहोंच्या शिक्षणाचा अंतर्भाव होता. पुढे गोव्यातील माध्यमिक शाळांतूनही असे समुपदेशक नेमून पाहण्यात आले.

अमरावती जिल्ह्यातील तीस खेड्यांत ‘विश्राम’ या नावाने असाच प्रयोग झाला. तेथे खिन्नतेने ग्रस्त असलेल्यांपैकी पूर्वी जेमतेम ४.३ टक्के लोक मदतीपर्यंत पोहोचत होते. प्रशिक्षित ग्रामसेविका व समुपदेशक कामाला लागल्यावर हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. पंचक्रोशीतल्या ओळखीच्या माणसाकडे लोक जातात, हा गावऱ्हाटीचा अनुभव येथे नव्या स्वरूपात प्रत्ययास येतो.

इतरत्रही याच सुमारास याच दिशेने विचार चालू होता. ऑस्ट्रेलियात बेटी किचनर व अँथनी जॉर्म यांनी २००० साली ‘मानसिक प्रथमोपचारा’चा पाठ्यक्रम तयार केला, आणि २००७ पासून कुमारवयीनांशी संबंध येणाऱ्या प्रौढांसाठी त्याची स्वतंत्र आवृत्ती निघाली. अस्थिभंग झालेल्याला शेजाऱ्याने फळी बांधून दवाखान्यात न्यावे, तसे मनाने खचलेल्याच्या जवळ जावे, दोष न देता ऐकावे, धीर द्यावा, तज्ज्ञाकडे पोहोचवावे, हे त्याचे सार. अशा पाठ्यक्रमाने शिकणाऱ्याचे ज्ञान व आत्मविश्वास वाढतो हे अनेक पाहण्यांत दिसून आले आहे. ज्या मुलाला मदत करावयाची त्याची प्रकृती त्यामुळे सुधारते काय, याविषयीचा पुरावा मात्र अद्याप दुबळा आहे.

केवळ शिकविणे पुरेसे काय?

या शंकेवर सर्वांत स्वच्छ प्रकाश बिहारमधील ‘सेहेर’ या प्रयोगाने पाडला. नालंदा जिल्ह्यातील सत्तरांहून अधिक सरकारी माध्यमिक शाळांत तो झाला व २०१८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कार्यक्रम एकच, काही शाळांत तो राबविण्यासाठी स्वतंत्र समुपदेशक नेमले, काहींत शाळेतील शिक्षकालाच शिक्षण देऊन ते काम सोपविले, आणि उरलेल्या शाळांत दोहोंपैकी काहीच केले नाही. समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण सुधारले, मुलांची खिन्नता, दांडगाई व मारामारी कमी झाली. शिक्षकावर काम सोपविलेल्या शाळांत मात्र काहीच फरक पडला नाही.

यावरून शिक्षक नालायक असतो असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. गणित वा भूगोल शिकविणारा, उत्तरपत्रिका तपासणारा, निवडणुकीच्या व जनगणनेच्या कामावर जाणारा मनुष्य या एका जबाबदारीसाठी मोकळा नसतो. आणि गुण देणाऱ्या, शिक्षा करणाऱ्या माणसापाशी मुलाने मन उघडे करावे ही अपेक्षाही कठीण आहे. तेव्हा प्रशिक्षणाबरोबर तीन गोष्टी असाव्या लागतात : कामासाठी राखून ठेवलेला वेळ, सांगितलेले बाहेर जाणार नाही हा विश्वास, आणि आपल्याला झेपत नाही तेव्हा मूल ज्याच्या हाती सोपवावयाचे असा ठरलेला तज्ज्ञ. गाऱ्हाण्यात तिसरी नव्हती, रत्नागिरीच्या रुग्णालयात पहिल्या दोन नव्हत्या, आणि मार्गदर्शक शिक्षकापाशी पहिलीच नव्हती.

सरकारी योजनांकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. २०१४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाने १० ते १९ वयाच्या मुलांसाठी स्वतंत्र सल्लाकेंद्रे काढली. महाराष्ट्रात ती ‘मैत्री’ या नावाने ओळखली जातात. २०१८ साली ज्याच्या मार्गदर्शक सूचना निघाल्या, त्या शालेय आरोग्य कार्यक्रमाने प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना, शक्यतो एक पुरुष व एक स्त्री, आरोग्यदूत म्हणून शिक्षण देण्याचे ठरविले. त्यांच्या अकरा विषयांत मानसिक आरोग्य हा एक आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा अहोरात्र उपलब्ध झाली, आणि ठरलेल्या तज्ज्ञाची वाट, निदान दूरध्वनीपुरती, घरापर्यंत आली. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याहून पुढचे पाऊल टाकले. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने निदान एक पात्र समुपदेशक नेमावा, त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर संबंध जोडावा, आणि शिक्षकांपासून शिपायापर्यंत सर्व सेवकांना वर्षातून दोनदा मानसिक प्रथमोपचाराचे शिक्षण मिळावे, असे त्या निर्णयात म्हटले आहे.

किनाऱ्याची परिस्थिती

हा निर्णय मालवण किनाऱ्यावर लागू करू जाता शंभर विद्यार्थ्यांच्या रेषेपाशीच अडचण उभी राहते. सिंधुदुर्गाची लोकसंख्या २००१ साली ८,६८,८२५ होती. ती २०११ साली ८,४९,६५१ इतकी घटली. दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया, हे प्रमाण कर्त्या पुरुषांच्या स्थलांतराची साक्ष देते. वाड्या विखुरलेल्या आणि शाळा लहान. ज्या शाळांचा पट शंभराला पोहोचत नाही त्यांना समुपदेशकाचा लाभ होणार नाही. त्यांच्या वाट्याला ‘बाहेरचा तज्ज्ञ’ येतो, आणि तो तर जिल्ह्याच्या ठिकाणी, रत्नागिरीस किंवा बांबोळीस.

दुसरी गोष्ट परीक्षांची. माध्यमिक शालान्त परीक्षेत कोकण विभाग २०१२ पासून राज्यात पुन्हा पुन्हा पहिला येत असून, २०२४ साली त्याचा निकाल ९९.०१ टक्के लागला. या यशाचा जिल्ह्याला सार्थ अभिमान आहे. परंतु ज्या वर्गात नव्याण्णव मुले उत्तीर्ण होतात तेथे अनुत्तीर्ण होणारे शंभरावे मूल किती एकटे पडत असेल, याचा विचार निकालाच्या आकड्यात येत नाही. त्याचा बाप बहुधा मुंबईस चाकरमानी; तो गणपतीला व शिमग्याला येणार. घरी आई आणि आजी. निकालाच्या दिवशी त्या मुलाशेजारी जे कोणी बसलेले असेल, तेच त्याचे पहिले वडीलधारे माणूस.

म्हणूनच प्रशिक्षण कोणाला द्यावयाचे याची यादी शाळेच्या भिंतीपाशी संपवून चालणार नाही. बारावीनंतर शाळेशी संबंध तुटलेला मुलगा मच्छीमारी करीत असेल, तर त्याला रोज पाहणारा माणूस म्हणजे होडीचा तांडेल किंवा रापणीचा म्होरक्या. घरी बसलेल्या मुलीला पाहणारी म्हणजे वाडीतील आशा सेविका. या माणसांनी समुपदेशक व्हावे अशी अपेक्षा नाही. बदल ओळखावा, मुलाला एकटे सोडू नये, जीव देण्याचा विचार मनात येतो काय हे त्याला सरळ विचारण्यास कचरू नये, आणि ठरलेल्या ठिकाणी पोहोचवावे, एवढेच त्यांना शिकवावयाचे. सरळ विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात भरतो, ही समजूत निराधार असल्याचे संशोधनाने दाखविले आहे. वस्तुतः विचारल्याने मुलाचे ओझे हलके होते.

आणि या सर्वांच्या पाठीशी कोणी तरी ठरलेला माणूस हवा. येथे कोठारी आयोगाची साठ वर्षांपूर्वीची शिफारस आठवते. दहा शाळांमागे एक फिरता समुपदेशक ही कल्पना मोठ्या शहरापेक्षा विखुरलेल्या वाड्यांच्या आणि लहान शाळांच्या या जिल्ह्यालाच अधिक अनुरूप होती. न्यायालयाने लहान संस्थांसाठी सांगितलेला ‘रीतसर संबंध’ कागदी राहू नये असे वाटत असेल, तर आठवड्याच्या ठरलेल्या वारी ठरलेल्या शाळेत येणारा, परिसरातील आरोग्यदूत शिक्षकांची, आशा सेविकेची व तांडेलाची विचारपूस करणारा, आणि गंभीर मुलाला जिल्हा रुग्णालयापर्यंत पोहोचविणारा एक मनुष्य, हेच त्या संबंधाचे मूर्त रूप होऊ शकते.

गावऱ्हाटीत दुःखिताच्या वतीने कोणी बोलावयाचे, हे ठरलेले असे. त्याविषयी संदिग्धता नसे. नव्या व्यवस्थेने उपचार शास्त्रीय केले, कायदा मानवी केला, शिक्षणाची साधने तयार केली. परंतु प्रत्येक वाडीत, प्रत्येक लहान शाळेत हे काम नेमके कोणाचे, याचे उत्तर तिने अद्याप दिलेले नाही. ते मिळेपर्यंत प्रशिक्षणाचे वर्ग भरतील, प्रमाणपत्रे वाटली जातील, आणि गप्प झालेले मूल गप्पच राहील.